वाट्याचा कातळ

शिरसोळच्या किनाऱ्यावर, मासळी उतरवतात त्या जागेच्या उजव्या अंगाला, एक काळा सपाट कातळ आहे. रापण, म्हणजे सगळ्यांनी मिळून किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे, ओढून झाली, की सगळ्यांचे वाटे पडतात आणि एक वाटा या कातळावर जातो. त्याला कुणी माणूस हात लावत नाही. मांजरे मात्र लावतात, आणि शिरसोळची मांजरे किती गुबगुबीत आहेत ते पाहुण्यांच्या लगेच ध्यानात येते.

हा वाटा तुळाजी तांडेलाचा. फार पूर्वी, शिडाच्या गलबतांच्या काळी, तो वाडीतल्या इतर पोरांबरोबर एका परदेशी जहाजावर खलाशी म्हणून गेला. ते जहाज परतलेच नाही. लोक समजूत घालायला आले, तर त्याच्या आईने, आवडाईने, त्यांना दारातूनच परत पाठवले म्हणे. दुसऱ्या दिवशी तिने रापणीतून तुळाजीचा वाटा मागून घेतला आणि कातळावर ठेवला. तुळाजी किंवा त्याच्या रक्ताचा कुणी येऊन उचलीपर्यंत हा वाटा चुकणार नाही, असा तिने समुद्राला शब्द दिला. तिच्या धाकट्या मुलाच्या वंशाने तो पाळला, असे सांगतात.

तो शब्द चालत चालत दाजी तांडेलांकडे आला. पण रापणीतली तरुण मंडळी कुरकुरू लागली होती. जयवंत केळुसकर सगळ्यांत पुढे. मासळी आधीच कमी, त्यात मांजरांची चैन कशाला?

अशात विलायतेतल्या कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावरून डेन्झिल ट्रेनॉवर नावाच्या निवृत्त मास्तरांचा निरोप आला. ते आपल्या आडनावाचे मूळ शोधत होते. बापाकडून मुलाकडे उतरत जाणारी रक्ताची एक खूण असते, ती थुंकीतूनही सापडते. बाकीच्या ट्रेनॉवरांची खूण एक, आणि डेन्झिलच्या घराण्याची अगदीच निराळी, थेट हिंदुस्थानातली! त्यांचा मूळ पुरुष म्हणे फुटलेल्या जहाजातून वाहत आला, ट्रेनॉवरांच्या घरी घरजावई झाला आणि त्यांचेच आडनाव लावू लागला. दाजींच्या मस्कतच्या पुतण्याने, सुधीरने, गंमत म्हणून हीच तपासणी केली होती, आणि दोघांची खूण जुळल्यासारखी वाटत होती. पक्की खात्री करायला दाजींची थुंकी एका नळीत भरून हवी होती.

दाजी असे हरखले, की भर रापणीत बोलून गेले, "जुळला नाय, तर वाटो बंद!" घरी त्यांच्या बायकोने, येसूकाकींनी, कपाळावर हात मारून घेतला. पिढ्यान्‌पिढ्यांचा शब्द यांनी थुंकीच्या नळीवर लावला होता.

आणि नळी भरायच्या सकाळी दाजी मशेरी लावून बसले! तोंडात काही घालू नका, असे बजावले होते. पण मशेरी म्हणजे काय खाणे? नमुना बाद झाला. दुसरी नळी येईपर्यंत दाजींनी मशेरीचे नाव घेतले नाही, आणि तेवढ्या काळात घरात त्यांच्याशी बोलायची सोय उरली नाही.

निकाल घेऊन डेन्झिल स्वतःच आले. वाटे पडत होते, कातळावर नुकतेच बांगडे ठेवले होते, तोच उन्हाने लालबुंद झालेला एक उंच म्हातारा बूट हातात धरून वाळूतून धावत आला. मागून मस्कतहून आलेला सुधीर ओरडत होता, "काका, जुळला! जुळला!" किनाऱ्यावर एकच कल्ला उठला. दाजी आनंदाने कातळाकडे धावले. त्यांनी कातळावरचा वाटा उचलून पाहुण्याच्या ओंजळीत घातला.

"किती उशीर केलंस रे! घे, हो तुजो वाटो."

डेन्झिलना शब्द कळले नाहीत. ओले बांगडे छातीशी धरून ते मोठमोठ्याने रडले.

आवडाईचा शब्द फिटला होता, म्हणून दुसऱ्या दिवशी कातळाचा वाटा कुणी काढला नाही. दाजी उठले आणि आपल्याच वाट्यातले बांगडे तिथे ठेवून आले. जयवंताने विचारले, "आता कोणाक?"

"एक इलो," दाजी म्हणाले. "तुळाजीवांगडा त्या जहाजार तुमचे पण गेले हुते. तेंचे अजून येवचे आसत."

जयवंत उठला. मग त्याने आपल्या टोपलीतली सुरमई काढली आणि कातळावर नेऊन ठेवली.

आजही तो वाटा चुकत नाही. फक्त आता मांजरांना हाकलायला जयवंत केळुसकर काठी घेऊन तिथे उभा असतो, आणि किनाऱ्यावर कुणी अनोळखी माणूस उतरला, की आधी त्याचे तोंड निरखून बघतो.