बोडका मामा

ज्या गोरखचिंचेचा बुंधा कवेत घ्यायला आज आठ माणसांना हात धरून उभं राहावं लागतं, ती गोरखचिंच माणसाच्या मांडीएवढी होती, तेव्हाची ही गोष्ट. आफ्रिकेतल्या एका मोठ्या सरोवराच्या काठी चिसांगा नावाचं गाव आहे. सरोवराचा एक फाटा तिथे जमिनीत खोल शिरतो. फाट्याच्या अलीकडे चिसांगा, पलीकडे माकोंबे. मधलं पाणी वल्हवून ओलांडायला एक प्रहर लागतो. त्या पाण्यावर कामवेंदो नावाचा नावाडी होता.

तो दिवस इतर दिवसांसारखाच उगवला. कामवेंदो होडी वाळूत पालथी घालून तिच्या भेगांत डिंक आणि झाडाची साल ठासत बसला होता. बायका चटयांवर बारीक मासळी वाळत घालत होत्या. होडीला एवढं जपतोस, बायकोला जपलं असतंस तर ती माहेरी निघून गेली नसती, असं त्यांच्यातली एक त्याला म्हणाली. बाकीच्या हसल्या. तोही हसला.

"होडी निदान उलटून बोलत नाही, वहिनी," तो म्हणाला.

एवढ्यात पलीकडच्या काठावर धूर दिसला.

त्या दोन गावांचं बोलणं धुरानं चालायचं. ओलं गवत जाळून एक धूर केला, तर त्याचा अर्थ होडी पाठवा. शेजारीशेजारी दोन धूर केले, तर कोणीतरी गेलं. आणि अलीकडून एक धूर उठला, तर तो जबाबाचा धूर, म्हणजे दिसलं, निघालो. जबाबाचा धूर दिला की निघायचंच. वादळ असो, मगरी असोत, त्या काठावर याहून मोठी शपथ नव्हती.

त्या सकाळी पलीकडे दोन धूर होते. थोड्या वेळानं आणखी दोन उठले. दुपारपर्यंत माकोंबेचा सगळा किनारा धुरकटला आणि कोणता धूर कोणाचा हे सांगता येईना. मग पलीकडून एक कोळी होडी घेऊन आला. तो किनाऱ्याला लागला नाही. पाण्यात उभ्या होडीतूनच त्यानं ओरडून सांगितलं की फोडांचा ताप आला आहे, घरंच्या घरं रिकामी झाली आहेत. त्यानं गेलेल्यांची नावं घेतली. पाचवं नाव नासिबेकोचं होतं. मग त्यानं होडी वळवली आणि तो उघड्या पाण्याकडे निघून गेला.

नासिबेको ही कामवेंदोची एकुलती एक बहीण. तिला तिसुंगे नावाची नऊ वर्षांची मुलगी होती. तिसुंगेचा बाप आधीच बुडून गेला होता. आता ऐका, त्या लोकांची रीत अशी आहे की मूल आईच्या घराचं असतं आणि त्याच्या वतीनं बोलतो तो मामा. बाप जेवू घालतो, मामा उभा राहतो, असं ते म्हणतात. मामानं चारचौघांत उभं राहून नाव घेतलं तरच मुलाला जमीन मिळते, आजारात औषध मिळतं, मेल्यावर माती मिळते. ज्याला मामा नाही, ते मूल गावात असून नसल्यासारखं.

बहीण गेली की भावानं पाण्याकाठी बसून डोकं भादरायचं, केस पाण्यात सोडायचे आणि तिच्या मुलांची नावं मोठ्यानं घ्यायची. मुलांनी ओ द्यायची. ओ आली की ती मुलं त्याची झाली.

कामवेंदोनं होडी सुलटी केली आणि वल्हं उचललं. तेव्हा नागोम्बे आली. नागोम्बे ही गावची प्रमुख, सत्तरी उलटलेली, काठीएवढी बारीक बाई. तिनं होडी पुन्हा पालथी घालायला सांगितली आणि ती तिच्यावर जाऊन बसली. या गावात चाळीस घरांत पोरं आहेत, ती म्हणाली. ताप पाण्यावर चालत येत नाही, होडीत बसून येतो.

पुढचे अकरा दिवस ती होडीवरून उठली नाही. तिची सून तिथेच तिला जेवण आणून देई. रात्री ती तिथेच अंग टाकी.

आणि अकरा दिवस पलीकडच्या काठावर रोज सकाळी एक धूर उठत राहिला. एकच, होडी पाठवा म्हणणारा. तो कोण करतं हे कोणी विचारलं नाही. गवत नीट न भिजवता पेटवलेला, आधी काळा आणि मग पांढरा होणारा धूर लहान हातांचा असतो, हे त्या काठावर सगळ्यांना कळतं.

कामवेंदो वाळूत बसून त्याच्याकडे बघत राही. म्हातारीच्या दंडाला धरून तिला बाजूला करणं त्याला जड नव्हतं. त्यानं ते केलं नाही. तिचं बोलणं खोटं नव्हतं, हेही त्याला ठाऊक होतं. आणखी एक गोष्ट त्यानं केली नाही. ओलं गवत त्याच्या हाताशी होतं, विस्तवही होता. जबाबाचा धूर करायला त्याला कोणी मनाई केली नव्हती. पण तो धूर म्हणजे निघालो. निघता येत नसताना पोरीला खोटी शपथ कशी द्यायची, असं त्याच्या मनात आलं. त्याला तेव्हा ते बरोबर वाटलं.

दिवसेंदिवस धूर बारीक होत गेला. शेवटी तो दोऱ्याएवढा होता, असं म्हणतात. बाराव्या सकाळी काही दिसलं नाही. दुपार झाली तरी काही दिसलं नाही. तेव्हा नागोम्बे गुडघ्यांवर हात टेकत उठली.

"आता जा," ती म्हणाली. "पण येताना आधी पाण्यातल्या मधल्या खडकावर थांब. चंद्र एकदा मोठा होऊन लहान होईपर्यंत इकडे येऊ नकोस."

असं म्हणतात की त्या दिवशी सरोवराला लाट नव्हती आणि वल्ह्याचा आवाज येत नव्हता. माकोंबेच्या काठावर त्याला राखेचा एक लहानसा ढीग दिसला. त्याच्याभोवती ओल्या गवताच्या पेंढ्या रचून ठेवल्या होत्या, एकसारख्या, सात-आठ दिवस पुरतील इतक्या. जवळ तीन मुलं बसली होती. त्यांच्या अंगावरचे फोड सुकून खपल्या पडल्या होत्या. मोठी मुलगी होती दालिसो, तिच्यापेक्षा लहान म्पोंडा, आणि दालिसोच्या मांडीवर एक तान्हं मूल होतं, त्याचं नाव सांगणारं कोणी उरलं नव्हतं. तिघं तीन घरांतली होती. त्यांच्या आया गेल्या होत्या आणि आयांचे भाऊही गेले होते.

तिसुंगे तिथे नव्हती.

ती कुठे आहे असं त्यानं विचारलं. दालिसोनं लव्हाळ्याच्या दलदलीकडे बोट केलं. फाट्याला वळसा घालून पायी यायला तीच एक वाट होती, तीन दिवसांची. तिसुंगे आदल्या दिवशी धूर करून गेली होती.

"ती म्हणाली, जबाब येत नाही म्हणजे मामाला धूर दिसतच नाहीये," दालिसो म्हणाली. "त्याला दिसला असता तर तो कधीच आला असता. मी चालत जाऊन सांगते, म्हणाली."

कामवेंदो तसाच दलदलीत उतरला. दोन दिवस तो छातीएवढ्या पाण्यातून हाका मारत फिरला. लव्हाळ्यात त्याला एक लहान वल्हं सापडलं. खेळण्यातलं, त्यानंच तिला कोरून दिलेलं. त्यापलीकडे काही सापडलं नाही. तिसऱ्या दिवशी तो परत फिरला, कारण काठावर तीन जिवंत मुलं होती आणि त्यांच्याजवळचं पीठ संपलं होतं.

मधल्या खडकावर ते महिनाभर राहिले. त्यालाही ताप आला, फोड आले, आणि तो त्यातून उठला. तो पडून होता तेव्हा दालिसो गळ टाकून मासे धरायची आणि तान्ह्याला मासा चावून भरवायची. असं म्हणतात की त्या महिन्यात मगरी खडकाभोवती तोंडं बाहेरच्या बाजूला करून पडून राहत आणि दुसरं जनावर जवळ येऊ देत नसत.

चंद्र मोठा होऊन लहान झाला तेव्हा त्यानं होडी चिसांग्याला लावली. सगळं गाव काठावर जमलं होतं. मुलांना वाळूवर पाय ठेवू देण्याआधी नागोम्बेनं रीतीप्रमाणे विचारलं, या मुलांसाठी कोण उभं राहतंय.

"मी," कामवेंदो म्हणाला.

"तुझ्या आईला मी ओळखत होते," नागोम्बे म्हणाली. "तिला एकच मुलगी होती. या तिघांच्या आया तुझ्या बहिणी केव्हा झाल्या?"

लोक हसले नाहीत, पण कोणीतरी मागे खोकलं.

"मेल्यावर झाल्या."

"एका डोक्यावर किती बायकांचा दुखवटा काढशील रे?"

"केस वाढतात, आजी."

नागोम्बेनं त्याच्या डोक्याकडे पाहिलं. त्याचे केस वाढून मानेवर आले होते. स्वतःच्या बहिणीसाठी डोकं भादरलंस का, तिनं विचारलं. त्यानं नाही म्हणून मान हलवली. त्यासाठी तिसुंगेनं समोर उभं राहून ओ दिली पाहिजे, तो म्हणाला. मग आतापर्यंत जे कोणी बोललं नव्हतं, ते त्यानं चारचौघांत सांगितलं.

"तिला वाटलं, मला धूर दिसला नाही. मला रोज दिसत होता. होडीवर तू बसली होतीस, आजी. गवतावर कोणी बसलं नव्हतं. जबाब दिला असता तर ती वाट बघत बसली असती."

नागोम्बेनं कमरेची सुरी काढली आणि ती स्वतः पाण्याकाठी बसली. त्याचं डोकं तिनं मांडीवर घेतलं आणि भादरलं. त्यानं केस पाण्यात सोडले आणि दालिसोचं नाव घेतलं. दालिसोनं ओ दिली. दुसऱ्या सकाळी त्याच्या डोक्यावर पुन्हा चार बोटं केस होते, असं म्हणतात, म्हणून त्या दिवशी म्पोंडाचं नाव घेता आलं. तिसऱ्या सकाळी तान्ह्याचं. त्याला नाव नव्हतं, म्हणून त्यानं नावाच्या जागी 'हे' एवढंच म्हटलं, आणि मूल रडलं. तीच ओ धरली.

पुढे ताप काठाकाठानं उत्तरेला सरकला आणि कामवेंदो होडी घेऊन त्याच्या मागोमाग जात राहिला. ज्याला एकदा फोड येऊन गेले त्याला ते पुन्हा येत नाहीत, म्हणून त्यानंच जायचं असं ठरलं. रिकाम्या झालेल्या गावांतून तो मुलं गोळा करी. होडी सहा माणसांची होती. पण प्रत्येक नव्या मुलाबरोबर ती वीतभर लांब होई, आणि एकदा तिच्यातून एकेचाळीस मुलं उतरली, असं सांगतात. आंधळी, पांगळी, फोडांनी चेहरा गेलेली, कोणी घेत नाही म्हणून मागे सोडलेली, ती सगळी. त्यानं एकही मूल निवडून घेतलं नाही. ज्या दिवशी नवं मूल काठाला लागे त्या सकाळी त्याचे केस वाढलेले असत, आणि संध्याकाळी तो पुन्हा बोडका होई. लोक त्याला बोडका मामा म्हणू लागले. पाण्यात सोडलेले त्याचे केस बुडाले नाहीत, काठाला लागून उगवले, आणि आज तिथे जो काळसर बोरू उभा आहे तो म्हणजे तेच केस आहेत, असं म्हणतात.

मुलांना तो दोनच गोष्टी शिकवी. वल्हवायचं कसं आणि गवत भिजवायचं कसं. धूर दिसला की आधी जबाब द्या, तो सांगे. जमेल की नाही ते होडीत बसल्यावर बघू.

म्हातारपणी त्याला दिसेनासं झालं, तरी धूर सगळ्यांच्या आधी त्यालाच कळे. एके सकाळी तो उठून बसला आणि म्हणाला की पलीकडे धूर आहे, काळा आणि मग पांढरा. कोणालाच तो दिसत नव्हता. दालिसो तेव्हा नातवंडांची आजी झाली होती. तिनं काही न विचारता ओलं गवत पेटवलं. म्पोंडानं त्याला होडीपर्यंत हात धरून नेलं. होडीत बसल्यावर त्यानं लहान वल्हं कमरेला बांधलं आणि मोठं हातात घेतलं. बरोबर कोणी यायचं नाही, असं त्यानं सांगितलं. होडी दलदलीच्या बाजूला गेली. ती परत आली नाही.

त्यानंतर पुष्कळ पिढ्या गेल्या. आमच्या-तुमच्या काळाच्या जवळ त्या काठावर दुसरा एक आजार आला. माणसांना वाळवून वाळवून मारणारा. त्यानं म्हातारे आणि लेकरं ठेवली आणि मधली माणसं नेली. मामांमागून मामा गेले. तेव्हा नावाड्यांनी डोकी भादरली. ते पुरेनात तेव्हा कोळ्यांनी, मग शाळामास्तरांनी, सायकली दुरुस्त करणाऱ्यांनी, आणि भाऊ नसलेल्या घरांतल्या बायकांनीही. एका वर्षी त्या काठावर डोक्यावर केस असलेलं मोठं माणूस शोधून सापडत नव्हतं, असं म्हणतात.

आजही चिसांग्यात बिनमामाचं मूल आलं की त्याच गोरखचिंचेखाली गाव जमतं आणि कोण उभं राहतंय असं विचारलं जातं. कोणीतरी उठतं आणि पाण्याकडे चालू लागतं. आणि पावसाळ्याआधी, गवत सुकलेलं असताना, अकरा दिवस रोज सकाळी लहान मुलं गवत भिजवून अलीकडच्या काठावर एक धूर करतात. तो जबाबाचा धूर असतो. धूर विरेपर्यंत कोणी होडी हलवत नाही, आणि सगळे दलदलीकडे बघत उभे राहतात.

बाकी सगळ्या आयांसाठी डोकी भादरून झाली. नासिबेकोसाठी भादरायचं राहिलं, ते अजून राहिलेलंच आहे.