मुंगसाची कबुली

धुक्यात बुडालेल्या एका टेकडीवर, तळ्याकाठच्या उंच गवतात एक मुंगूस राहत असे. पायथ्याशी लहानसे प्रार्थनामंदिर होते. रविवारी सकाळी तिथली गीते धुक्यातून तरंगत वर येत आणि सगळे प्राणी आपल्या निर्माणकर्त्याच्या आठवणीने शांत होत. अशाच एका सकाळी, गीत चालू असतानाच, मुंगसाने टिटवीने तळ्याकाठच्या खळग्यात घातलेली अंडी खाल्ली. कोणालाच काही दिसले नाही. धुके विरले तेव्हा रिकाम्या खळग्याजवळ पाणी पिणारा कावळा तेवढा दिसला. "यानेच खाल्ली!" म्हणत सर्वांनी त्याला टेकडीवरून हुसकून लावले. त्यांत मुंगूसही ओरडत होते.

बालमित्रांनो, त्या दिवसापासून मुंगसाचे मन थाऱ्यावर राहिले नाही. पाप धुऊन जावे म्हणून ते तळ्यात पुन्हा पुन्हा बुड्या मारी, उपाशी राही, गीत सुरू झाले की सर्वांदेखत रडे. "किती कोमल मनाचे हे मुंगूस!" ससे म्हणत. ते ऐकून त्याला अधिकच जड वाटे.

शेवटी ते म्हाताऱ्या मेंढीकडे गेले. "मेंढीआजी, मी देवापुढे इतका रडलो, तरी मन हलकं का होत नाही?"

"देवाला काय सांगितलंस?"

"माझ्या हातून काहीतरी चुकलं, असं."

"काहीतरी?" मेंढी रवंथ करायची थांबली. "बाळा, तुझ्या पापाची शिक्षा दुसरं कुणी भोगतंय का?"

मुंगसाच्या डोळ्यांपुढे कावळा उभा राहिला. ते पुटपुटले, "खरं सांगितलं तर मलाही हाकलतील."

"हाकलतीलही. देव मात्र हाकलणार नाही. पण त्याच्याकडे पाठ करून किती दिवस रडशील?"

मुंगूस तळ्यावर गेले. सगळे जमले होते. "टिटवीताई, तुझी अंडी मी खाल्ली. कावळ्याचा काही दोष नाही. मी गप्प राहिलो, हे दुसरं पाप." पाण्यावरून धुक्याचा एक पदर हळूहळू सरकत गेला. टिटवीचे डोळे भरून आले. ती म्हणाली, "माझी पिल्लं आता येणार नाहीत. ते दुःख राहीलच. पण देव तुला क्षमा करतो, तर मी कोण नाही म्हणणारी? जा, कावळ्याला घेऊन ये." मुंगसाने डोंगरामागून डोंगर धुंडाळले आणि कावळ्याचे पाय धरून त्याला परत आणले.

पुढच्या हंगामात टिटवीने मुंगसाच्या पायवाटेलगतच अंडी घातली. मुंगसाने ती वाटच सोडली. ते लांबचा, काट्यांचा वळसा घेऊन पाण्यावर जाई. एके दिवशी खळग्यातून बारीक चिवचिव ऐकू आली. मुंगूस दूरच थबकले.

"तिथे का थांबलास?" टिटवी म्हणाली. "ये ना, माझी पिल्लं बघ."

तात्पर्य : पापाचे नुसते दुःख करणे पुरेसे नाही, ते उघडपणे कबूल करून त्या वाटेवरून मागे फिरणे हाच खरा पश्चात्ताप, आणि असे फिरणाऱ्याला देव कधीही दूर लोटत नाही.