अनोळखी नंबरावरची बहीण

"पण बाबा, खुणा तर सगळ्या चोराच्याच होत्या. मग माझं चुकलं कुठं?"

काठावरच्या दर्ग्याचे लालाबाबा फकीर धरणाच्या पाण्याकडे बघत बसले. बघण्यासारखं तिथं काही नव्हतं म्हणा... पाणी दिसत नव्हतं, आभाळ दिसत नव्हतं. थंडीतली पहाट, आणि नुसतं धुकं. दर्ग्याची पायरी कुठं संपते आणि पाणी कुठं सुरू होतं, तेही कळत नव्हतं.

विचारणारा होता जयवंत. शहरातला मोठा माणूस. कंपन्याकंपन्यांतून फिरतो आणि फोनवरचे, इंटरनेटवरचे भामटे कसे ओळखायचे ते लोकांना शिकवतो. शिकवतो छानच, खोटं कशाला बोला. पण "आपल्याला कुणी माईचा लाल फसवू शकत नाही" हे वाक्य तासाला एकदा तरी म्हटल्याशिवाय त्याला चैन पडायचं नाही.

"खुणा कोणत्या?" बाबांनी विचारलं.

जयवंत सवयीनं बोटांवर मोजायला लागला. "नंबर अनोळखी. बाईमाणूस रडतंय. घाई करतंय. अपघात झालाय म्हणतंय. आणि वर, याच नंबरावर पैसे टाक, बाकी मग सांगते, म्हणतंय. आता सांगा! शाळेतलं पोर ओळखेल."

"आवाज कुणाचा होता?"

"...सुलभाचा. माझ्या बहिणीचा."

"मग?"

"आवाज आजकाल कुणाचाही काढता येतो, बाबा. मशीन काढतं. मीच शिकवतो."

"मग तू काय केलंस?"

"फोन कापला. नंबर बंद करून टाकला, पुन्हा लागूच नये असा."

धुक्यात कुठंतरी एक पाणकोंबडी ओरडली आणि गप्प झाली.

पुढचं जयवंतानं खाली मान घालून सांगितलं. फोन सुलभानंच केला होता. रस्त्यावर तिच्या नवऱ्याला ट्रकनं उडवलं होतं, तिचा फोन फुटला होता, म्हणून तिनं एका वाटसरूच्या फोनवरून भावाला फोन लावला. भावानं कापला. तो वाटसरूच शेवटी दवाखान्यात रात्रभर थांबला. कोण कुठला, नावसुद्धा न सांगता गेला. नवरा वाचला, पण अजून कुबडीवर आहे.

"एवढंच?" बाबा म्हणाले.

"त्या दिवशी मी सगळ्यांना मेसेज टाकला होता. एका भामट्यानं माझ्या बहिणीचा आवाज काढला, मी कसा झटक्यात ओळखला, तुम्हीही सावध राहा... लोकांनी वाहवा केली. तो मेसेज फिरत फिरत तिच्याकडेच गेला. दवाखान्यात."

"अरे अरे..." बाबा म्हणाले.

"तेव्हापासून ती माझा फोन उचलत नाही. घरी गेलो तर दार उघडलं नाही. एकच बहीण आहे हो मला." इथं त्याचा आवाज चिरकला. पण हुशारीची खोड मोठी वाईट. लगेच सावरून म्हणाला, "म्हणून विचारतो. चोर आणि आपलं माणूस, दोघांची पक्की वेगळी खूण कोणती? ती सांगा, म्हणजे पुन्हा चूक होणार नाही."

बाबा तोंड उघडणार, तेवढ्यात धुक्यातून हाक आली.

"ओ बाबाऽऽ... काठ कुठंय?"

बाबा उठले. पायरीवर दोराचं वेटोळं पडलं होतं, ते हातात घेतलं आणि हाकेच्या दिशेला तोंड करून ओरडले, "ओऽऽ! इकडं! कोण हाय?"

"भिवाऽऽ!"

"कोणाचा भिवा?"

"कोंडाबाईचा! दिसंना झालंय काही... टाका की दोर!"

"कोंडाबाई कशी हाय आता?"

"कशाची कशी! काल तुमचंच औषध थुंकून दिलं तिनं!"

बाबा खुदकन हसले. तेव्हा कुठं हातातला दोर सुटला आणि धुक्यात नाहीसा झाला. थोड्या वेळानं ताणला गेला. मग पाण्यावर एक नाव आली, स्वप्नात यावी तशी, आवाज न करता. तीतला कोळी बाबांना हात जोडून काठाकाठानं निघून गेला, आणि पुन्हा सगळीकडे पांढरं झालं.

जयवंत डोळे चोळत होता. "बाबा, इथं जाळी चोरणारेही येतात म्हणे?"

"येतात की. मागच्या थंडीत आला होता एक. असाच हाका मारत होता."

"आणि तरी तुम्ही कुणीही हाक मारली की ओ देता? धुक्यात कसं कळतं तुम्हाला?"

"कळत नाही," बाबा म्हणाले. "कळत नाही म्हणून तर ओ देतो."

"अन् चोर निघाला म्हणजे?"

"ओ दिली रे मी. दोर दिला का?"

जयवंत पायरीवरच्या ओल्या दोराकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "पण आता काय उपयोग... ती माझा फोन घेतच नाही."

बाबांनी कफनीच्या खिशातून आपला बटणांचा जुना फोन काढला आणि त्याच्यापुढे धरला.

"यावरून लाव."

"अहो, हा नंबर तिला माहीत नाही. अनोळखी..."

बाबांनी फोन त्याच्या हातातच ठेवला.

जयवंतानं नंबर दाबला. घंटी वाजत राहिली... वाजत राहिली...

"हॅलो, कोण?"

आवाज ऐकला मात्र, आणि इतकं घोकून ठेवलेलं सगळं पार विसरून गेला. "सुलू..." एवढंच म्हणाला आणि ढसाढसा रडायला लागला.

"कोण बोलतंय?"

"दादा... सुलू, मी दादा... फोन ठेवू नकोस गं, पटकन ऐक, एवढं ऐकून घे..."

अनोळखी नंबर. रडणं. घाई. आता ती कापणार, हे जयवंताला पुरतं ठाऊक होतं. दुसरं कोणी काय करेल? त्यानं डोळे मिटून घेतले.

"कोणता दादा?" सुलभा म्हणाली.

"तुझा..."

"आवाज काय, कुणीही काढतं. गावभर सांगत फिरतोस ना तूच?" तिचा स्वर कापत होता. "माझा दादा असशील तर सांग. सायकल शिकवताना मला कुठं पाडलं होतंस?"

"उकिरड्यावर," जयवंत हुंदके देत म्हणाला. "पाटलांच्या वाड्यामागच्या. आणि घरी येऊन सांगितलं, हिनंच उडी मारली. आईनं तुलाच बदडलं."

पलीकडून रडण्यासारखं काहीतरी आलं, का हसण्यासारखं, इथून सांगता येत नव्हतं.

"गाढवा," सुलभा म्हणाली. "मेल्या... त्या दिवशी एवढं विचारलं असतंस तर..."

"चुकलो गं. फार चुकलो."

"ये घरी. जेवायलाच ये. हे रोज तुझं नाव काढतात."

फोन बंद झाला. जयवंत तो दोन्ही हातांत धरून तसाच बसून राहिला. धुकं आता विरळ होत होतं आणि मघाशी नसलेलं पाणी हळूहळू दिसायला लागलं होतं. त्याचा चेहरा लहान पोरासारखा झाला होता.

"बाबा! नंबर माझा नाही, आवाज माझा राहिला नव्हता... तरी तिनं मला ओळखलं!"

बाबांनी फोन त्याच्या हातातून काढून घेतला आणि कफनीला पुसला.

"ओळखलं कुठं रे बेटा... विचारलं."