ताऱ्यावरची टिकली

“कावळा का शिवला नाही, बुवा?”

विचारणारे डॉक्टर खांबेटे. औषधाचे नव्हेत, आकाशाचे डॉक्टर. दूरच्या ताऱ्यांभोवतीचे ग्रह हुडकणारे, पेपरात फोटो येणारे. त्या दिवशी त्यांच्या बायकोचा, शरयूताईंचा दहावा होता. सकाळपासून घाटावर पिंड मांडून बसले, कावळे समोरच्या पारावर होते, पण एकही पुढे आला नाही. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला. हे तसेच ओल्या धोतराने आमच्या मठीत आले. मी तेव्हा गिरीबुवांची धुनी राखत असे.

“ताईंची इच्छा काय राहिली होती?” बुवांनी विचारलं.

“तेच तर कळत नाही. कबूल तर मी बरंच केलं.”

“काय काय?”

“माझं पुढचं पुस्तक तिला अर्पण करीन म्हटलं. मला सापडलेल्या ग्रहाला तिचं नाव देववीन म्हटलं...”

बुवा धुनीतली राख तळव्यावर चोळत होते.

“हा ग्रह सापडतो कसा हो?”

डॉक्टर जरा सावरून बसले. विषय त्यांचा होता.

“ग्रह मंद, आणि ताऱ्याला अगदी खेटून. ताऱ्याच्या झगमगाटात तो दिसतच नाही. म्हणून अवकाशातल्या दुर्बिणीत ताऱ्यावर बरोब्बर बसेल अशी टिकली धरायची. तारा झाकला की शेजारचा ग्रह दिसतो. पण कडेने जरासा जरी उजेड झिरपला, तरी सगळं फुकट.”

“आणि तोवर ग्रह कुठे असतो?”

“तिथंच.”

बुवा उठले. राखेने माखलेला तळवा त्यांनी डॉक्टरांच्या तोंडापुढे धरला.

“आता ताईंचं सांगा.”

“एकतीस वर्षं मी तिला काही कमी...”

तळवा जवळ आला.

“माझ्या प्रत्येक सत्काराला ती...”

तळवा तोंडावर टेकला.



मला वाटलं, डॉक्टरांना आता आठवेल. ताईंना काय आवडायचं, कुठं दुखायचं, काहीतरी. एकतीस वर्षांत एक तरी गोष्ट असेल की. मी धुनीत दोन लाकडं सारली.

बुवांनी हात काढला. डॉक्टर रडत होते. ते रडणं खोटं होतं असं मी म्हणणार नाही.

“काहीच दिसत नाही, बुवा. मी किती करंटा...”

बुवांनी तळवा पुन्हा उचलला.

“उजेड झिरपतोय अजून.”