सात श्वासांची पाटी

तालुक्याच्या नव्या रुग्णालयाच्या फाटकावर सुमती दळवी या पेंटरबाईंनी नाव रंगवलं. अक्षरं कोनदार, धारदार, अवकाशयानाच्या अंगावर असावीत तशी. रस्त्यावरचे लोक थांबून बघत. अध्यक्ष आबासाहेब मोहोळकर भलतेच खूश झाले.

"दळवीबाई, आतल्या सगळ्या पाट्याही अशाच करा."

"आबासाहेब, ही अक्षरं मिरवायला चांगली. वाट दाखवायला नकोत."

"जमत नसेल तर सांगा. दुसरा पेंटर बघतो."

दुसऱ्या दिवशी बाईंनी त्याच अक्षरांतली एक छोटी पाटी त्यांच्यापुढे धरली. "वाचा बरं."

आबासाहेबांनी चष्मा पुसला. पाटी जवळ घेतली, लांब धरली. शेवटी म्हणाले, "तातडीचे उपचार... डावीकडे. आलं की वाचता!"

"आलं. तेवढ्यात तुमचे सात श्वास झाले, मी मोजत होते. इथे धावत येणाऱ्याच्या हातातल्या माणसाकडे तेवढे शिल्लक असतील?"

आबासाहेबांनी पाटी हळूच पालथी ठेवली.

फाटकावर ती कोनदार अक्षरं अजून दिमाखात आहेत. आतल्या पाट्या मात्र साध्या, गोल वळणाच्या. डोळ्यांत पाणी असलं तरी वाचता येतात.