वारा अडवणारी काच

"मग ती पडली कशी?"

सुभेदार हिंदुराव फडतरे यांनी विचारलं.

"वारा होता, आबा," यशोधन म्हणाला. "पसरणीच्या घाटाखाली विचित्र वारा असतो."

"तुझ्यामागंच होती ना?"

"हो. केतकी. माझ्या मागून दुसरी गाडी तिची."

"आणि वाऱ्यानं तिला पाडलं. तुला नाही?"



फडतरे आबांनी लष्करात अठ्ठावीस वर्षं मोटारसायकलवरून टपाल पोचवलं होतं. निवृत्तीनंतर वाईजवळ पत्र्याच्या शेडमध्ये ते पोरापोरींना गाडी शिकवत. त्यांच्या हाताखालून गेलेला एकही जण अपघातात दगावला नव्हता. हे ते स्वतःहून कुणाला सांगत नसत. दुसरं कुणी सांगू लागलं, तर थांबवतही नसत.

यशोधन बापट पुण्याचा. लडाख दोनदा, स्पिती एकदा, कन्याकुमारीला सलग. गाडीच्या पेटीवर प्रत्येक गावाचा स्टिकर. येत्या रविवारी अकरा जण त्याच्या मागून गोकर्णला निघणार होते. केतकी त्यांत नव्हती. तिचं मनगट प्लास्टरमध्ये होतं.

"मी तुमच्याकडे गाडी शिकायला आलेलो नाही," यशोधन म्हणाला. "गाडी मला येते. फक्त सत्तरच्या पुढे गेलं की डोकं गदगदा हलतं. रस्ता दोन-दोन दिसतो. त्यावर काही उपाय असेल तर सांगा."

"हेल्मेट घाल."

त्याने घातलं. झोकात घातलं. कार्बनचं, परदेशी, आरशासारखं चकचकीत.

आबांनी दोन्ही हातांनी हनुवटीकडून ते धरलं आणि डावीकडे वळवलं.

हेल्मेट वळलं. चेहरा होता तिथंच राहिला.

यशोधनला आता एकाच डोळ्यानं दिसत होतं. दुसऱ्यासमोर गालाची गादी आली होती.

"कुठलं माप?"

"लार्ज. माझं डोकं मोठं आहे."

"मोजलंयस?"

"...नाही."

आबांनी शिंप्याची टेप आणली. भुवयांच्या जरा वरून, कानांवरून, मागच्या फुगीर भागावरून फिरवली. आकडा वाचला आणि टेप तशीच त्याच्या हातात दिली.

सत्तावन्न. मीडियम.

"घालताना बरं वाटायचं," यशोधन हळूच म्हणाला. "कुठं दाबत नव्हतं."

"दुकानात उभं राहून सगळंच बरं वाटतं."

आबांनी फळीवरचं एक हेल्मेट काढून दिलं. पांढरं. काही नक्षी नाही, नाव नाही. यशोधनने तोंड वाकडं केलं, पण घातलं.

"गाल दाबतायत."

"बोल काहीतरी."

"बोलताना गाल दाताखाली येतायत, आबा."

"कपाळावर एकाच जागी टोचतंय?"

"नाही. सगळीकडं सारखं."

आबांनी पट्टा आवळला. हनुवटीखाली दोन बोटं जेमतेम जात होती. मग मागून कड धरून त्यांनी ते पुढे उपसायचा प्रयत्न केला. हेल्मेटाबरोबर यशोधनची मानच वाकली.

"हे तुझं. पाचवडपर्यंत जाऊन ये."

तो गेला. आला.

"निम्मं कमी झालं," त्याने सांगितलं. "पण अजून आहे. वरून कुणी टपल्या मारतंय असं वाटतं."

"गाडीवर बस."

तो बसला. त्याच्यासमोर वारा अडवणारी उंच काच होती. लांबच्या प्रवासासाठी त्याने मुद्दाम लावून घेतलेली.

आबांनी तळहात आडवा धरला. काचेच्या वरच्या कडेवरून तो सरळ मागे नेला. हात यशोधनच्या भुवईवर येऊन टेकला.

"काच काय करते?"

"वारा अडवते."

"अडवलेला वारा कुठं जातो?"

यशोधनने काचेकडे पाहिलं. मग आबांच्या हाताकडे, जो अजून त्याच्या भुवईवर होता.

आबांनी स्क्रूड्रायव्हर घेतला आणि पहिला स्क्रू सोडवला.

"आबा, काच काढली तर वारा सगळा अंगावर येईल!"

"येईल."

दुसरा स्क्रू.

"लांबच्या पल्ल्याला काच लागतेच. मी पंधरा वर्षं..."

तिसरा. चौथा.

काच त्यांनी भिंतीला टेकवून ठेवली.

यशोधन रागातच निघाला. हे खोटं ठरवायचं आणि परत येऊन काच लावायची, असं त्याने मनाशी ठरवलं होतं.

साठला वारा छातीवर आला. सत्तरला तो हातानं ढकलावं तसा ढकलू लागला. यशोधन थोडा पुढे वाकला... आणि वाट पाहू लागला.

डोकं हललं नाही.

ऐंशीला त्याने दूरचा मैलाचा दगड पाहिला. त्यावरचा आकडा त्याने लांबूनच वाचला. एकच होता.

पाचवडच्या अलीकडे त्याने गाडी बाजूला घेतली आणि बंद केली. 

परत आला तेव्हा आबा चहा पीत होते. त्यांनी काही विचारलं नाही.

"त्या दिवशी माझं हेल्मेट डोळ्यावर आलं होतं," यशोधन म्हणाला. "ते सावरायला मी हँडलवरचा एक हात काढला. गाडी भरकटली. मी घाबरून ब्रेक दाबला. मागचा मला चुकवून बाजूनं निघून गेला. केतकीला जागाच उरली नाही."

"वारा?"

"होता. रोजच्याएवढा."

आबांनी दुसरा कप त्याच्याकडे सरकवला.

यशोधनने चहा घेतला नाही. फोन काढला. आबांच्या समोरच लावला.

"केतकी, त्या दिवशी वाऱ्यानं काही झालं नाही. माझं हेल्मेट ढिलं होतं. चूक माझी होती. आणि मी सगळ्यांना वारा सांगितला."



पलीकडून तिचा आवाज आला. "मला माहीत होतं. मी मागंच होते ना."

फोन बंद झाला. यशोधनची मान खाली गेली होती. ती त्याने सावकाश वर केली.

"रविवारी अकराही जणांना सांगतो," तो म्हणाला. "तरी मी पुढं हवा असेन, तर जाईन. नाहीतर शेवटी राहीन."

आबांनी मान डोलावली. तेवढंच.

यशोधनने पांढरं हेल्मेट चढवलं, पट्टा आवळला. काच काखेत घेतली. दारापर्यंत गेला आणि थांबला.

"आबा, ही परत कधी लावू?"

"समोरून जे येईल त्याला तोंड द्यावंसं वाटणार नाही, त्या दिवशी."