नुसती दोरी

"सर, एवढ्यात तिची भीती घालवू नका. अजून तीन भाग व्हायचेत."

कपडे बदलायच्या खोलीच्या पत्र्याआड ऋता टोपीत केस कोंबत होती. तिचा हात तिथंच थांबला.

बाहेर, सांगलीच्या घाटावर, तिचा नवरा ओजस फेऱ्या मारत होता. पोहणं, सायकल, धावणं, तिन्ही एका दमात. ती ट्रायथलॉन नवख्यांनाही जमावी म्हणून तो व्हिडिओ करायचा. लग्न झाल्यापासून त्यातली नवखी ऋता. लग्नाच्या व्हिडिओपेक्षा तिचं घाबरणंच जास्त लोकांनी पाहिलं होतं.

पायरीवर यळगुडकर सर दोरीची गाठ सोडवत बसले होते. ओजसलाही लहानपणी त्यांनीच पोहायला शिकवलेलं.

"मग करू काय?" सरांनी विचारलं.

"पाठीला मोठा भोपळा बांधा. पहिल्या दिवशीचा."

"अरे, लहान भोपळाही झाला की तिचा. आज नुसती दोरी."

सरांची रीतच ती. आधी मोठा सुका भोपळा, मग लहान, मग नुसती दोरी. पाठीला काहीतरी बांधलंय, एवढ्यावर माणूस तरंगतो...

"नुसत्या दोरीत लोकांना दिसणार काय? त्यांना आपल्यासारखं घाबरलेलं कुणीतरी हवं असतं, सर. 'वहिनींमुळे धीर आला' असं लिहितात. ती पोहायला लागली की संपलंच!"

"कुणाचं?"

ओजसनं फोन या हातातून त्या हातात घेतला.

ऋता बाहेर आली. दोघंही एकदम नदीकडे बघायला लागले.

"ऐकलंस का गं काही?" ओजसनं विचारलं.

"पत्रा पातळ आहे," ती म्हणाली.

सरांनी दोरी पुढं केली. ओजसनं भोपळा. तिनं पाण्याकडे पाहिलं. पुढं टाकलेला पाय मागं घेतला...

सवयीनं ओजसचा फोन वर आला.

सर उठले. दोन पायऱ्या उतरून तिच्या आणि फोनच्या मधोमध उभे राहिले.

"सर, मधे येताय."

"येणारच. तू माझ्या गळ्याला मिठी मारून भोकाड पसरलंस, तेव्हाही असाच उभा होतो. घाटावरच्या पोरांना दिसू नये म्हणून."

"मी? रडलो? मला तर काहीच आठवत नाही!"

"म्हणून तर. कुणी पाहिलंच नाही, तर आठवण कोण करून देणार?"

ओजसचा हात खाली आला. सर जागचे हलले नाहीत. तिघांच्या पायांशी पाणी नुसतं चुळबुळत होतं...

ऋतानं आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग सरांच्या पाठीकडे.

"अहो, धरा तो फोन वर. सर, तुम्हीही सरका. घाबरलेय मी, तर दिसू दे घाबरलेली. भोपळा नको, दोरीही नको... फक्त दोघांनी वाट सोडा."